चित्रकथी : पैठणचा कागद, पिंगुळीचा कंठ



सिंदफणेच्या काठी वसलेल्या या आपल्या गावाच्या नावातच एक कारागीर बसलेला आहे. शिरूर नावाची गावे महाराष्ट्रात थोडीथोडकी नाहीत. पुण्याकडे घोडनदीचे शिरूर आहे, लातूरकडे अनंतपाळ आहे, ताजबंद आहे. आपले मात्र कासाराचे. काशापितळेची भांडी घडविणारा, आयाबहिणींच्या हातांत बांगड्या भरणारा तो कासार. गावाची ओळख सांगताना कुणा राजाचे वा सरदाराचे नाव न घेता कारागिराचे घ्यावे, असे लोकांना वाटले. असे नाव मिरविणाऱ्या गावात कलावंतांच्या एका समूहाची हकीकत सांगावयाची, तर ती मानकऱ्यांच्या दिवाणखान्यातली नसावी, अंगणातली असावी, असे मी ठरविले.

ही हकीकत चित्रकथींची आहे. तिचे एक टोक आपल्या शेजारी गोदाकाठच्या पैठणला आहे, दुसरे पार सह्याद्रीखाली, सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी. पैठणचे टोक तुटले, पिंगुळीचे राहिले. असे का झाले, हा आजचा प्रश्न.

प्रथम पैठणकडे जाऊ. पैठण म्हटले की नाथ, नाथषष्ठी आणि पैठणी, या तीन गोष्टी आपल्याला चटकन आठवतात. चौथी एक आहे, ती फारशी कोणाच्या ध्यानात नसते. पुण्याचे दिनकर केळकर जुन्या वस्तूंसाठी गावोगाव हिंडत. त्यांचे राजा केळकर संग्रहालय आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्यांना पैठणात जुन्या चित्रांचे कागद मिळाले. रामायण-महाभारतातील प्रसंग, अहिरावण-महिरावणासारख्या लोकांच्या आवडत्या कथा, युद्धे, बाणांचे वर्षाव, राक्षस, वानर. चेहरे बहुतेक एका बाजूने काढलेले, डोळे मात्र हे एवढे मोठे, समोर रोखलेले. रंग तांबडे, तपकिरी, निळसर, काळे, रेघ ठसठशीत. दरबारी चित्रकाराची नाजूक कलाकुसर येथे नाही. चार पावलांवर बसलेल्या म्हातारीलाही दिव्याच्या उजेडात ओळखू यावे, अशी ही चित्रे. ती पैठणात मिळाली म्हणून जाणकार तिला ‘पैठण शैली’ म्हणू लागले. देशोदेशींच्या संग्रहालयांतून आज ती याच नावाने ओळखली जाते.

पण हे कागद भिंतीवर लावण्यासाठी काढलेले नव्हते. एका आकाराचे सुटे कागद, सुमारे फूटभर रुंद आणि त्याहून थोडे लांब. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटविलेले, म्हणजे दोन्ही अंगांना चित्र. एका कथेचे असे तीस-चाळीस कागद, प्रसंगी पन्नासही, एकत्र ठेवले की ती झाली पोथी. या पोथीत अक्षर नसते. जे अक्षर असावयाचे ते कथा सांगणाऱ्याच्या तोंडात असते. तो बैठक घालून बसतो, चित्र श्रोत्यांसमोर उभे धरतो, बोट फिरवून दाखवितो, गातो, मध्येच गद्यात संवाद बोलतो. साथीदार वीणा, टाळ आणि हुडूक या छोट्या चर्मवाद्यावर साथ करतात, ओळ उचलून धरतात. प्रसंग संपला की कागद उलटावयाचा. पहिले चित्र गणपतीचे, मग सरस्वतीचे, आणि मग कथेला तोंड फुटते.

तेव्हा पोथी हे अर्धेच काम होय. उरलेले अर्धे काम गळ्यात आहे, आणि गळा संग्रहालयाच्या कपाटात ठेवता येत नाही. पैठणच्या बाबतीत हेच झाले. कागद शिल्लक राहिला, कंठ गेला. त्या चित्रांसमोर बसून कोणत्या चालीवर काय गात होते, कोणत्या ओळीला लोक हसत आणि कोणत्या ओळीला पदर डोळ्याला जाई, हे सांगणारे कोणी उरले नाही.

हा धंदा आजकालचा नव्हे. बाणभट्टाने सातव्या शतकात लिहिलेल्या हर्षचरितात एक प्रसंग आहे. बाप आजारी पडल्याची वार्ता ऐकून हर्ष धावतपळत राजधानीत शिरतो, तो बाजाराच्या रस्त्यावर त्याला एक यमपट्टिक दिसतो. भोवती मुलांचा गराडा पडला आहे, डाव्या हातातल्या काठीवर चित्रपट टांगला आहे, उजव्या हातातल्या काडीने तो परलोकीच्या गोष्टी दाखवून सांगतो आहे. राजपुत्राच्या मनात बापाच्या मरणाची शंका आणि समोर यमाचे चित्र! बाणासारखा कवी असा योग वाया घालवीत नसतो. आपल्याला मात्र त्यातून एक साधी माहिती मिळते. तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी भर बाजारात चित्र दाखवून कथा सांगणारा माणूस उभा होता आणि पोरे त्याच्याभोवती जमत होती.

विशाखदत्ताच्या मुद्राराक्षस नाटकात तर अशा माणसावर सगळे कथानक तोललेले आहे. चाणक्याचा हेर निपुणक यमपट घेऊन गाणी म्हणत घरोघर फिरतो. चंदनदासाच्या घरी तो पट पसरून गाऊ लागतो, तेव्हा एक लहान मूल गंमत पाहावयास बाहेर येते. त्याला आत ओढणाऱ्या बाईच्या बोटातली अंगठी गळून पडते आणि गडगडत हेराच्या पायाशी येते. ती राक्षसाची मुद्रा. पुढचे राजकारण सारे त्या मुद्रेने घडते. चित्र दाखविणाऱ्याला कोणत्याही घराचे दार उघडे असते, हे त्या काळच्या राजकारण्यांना पक्के ठाऊक होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पिंगुळीत आपल्याला ती पुन्हा भेटणार आहे.

आणि आपल्या दख्खनचा पुरावा पाहिजे असेल, तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास ग्रंथात तो आहे. सुमारे 1130 सालच्या या ग्रंथात चित्रांच्या साहाय्याने कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख येतो. आपला हा मुलूखही त्या काळी चालुक्यांच्याच छायेत होता. म्हणजे यादवांच्या आधी, ज्ञानेश्वरांच्या आधी, ही विद्या येथे राजाच्या ग्रंथात नोंदण्याइतकी प्रतिष्ठित होती.

राजस्थानात भोपा लोक पाबूजीचा फड उभारून रात्रभर गातात. बंगालात पटुए पट उलगडीत गातात. मेदिनीपूरकडच्या पिंगला भागातील नया या गावी पटुआंची वस्तीच आहे. आता पिंगला आणि पिंगुळी या नावांचा काही संबंध नाही, पण कानाला गंमत वाटते. तेलंगणात चेरियालचे नकाशी चित्रकार आहेत. जावा बेटात चित्रांचा पट दाखवून कथा सांगत, जपानात बौद्ध भिक्षू देवळात चित्रे दाखवून धर्म सांगत. व्हिक्टर मेअर नावाच्या अमेरिकन पंडिताने 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या सर्व प्रकारांचा मागोवा घेत तो भारतापर्यंत आणून सोडला आहे. या सगळ्या पसाऱ्यात आज रमण्यात अर्थ नाही. आपल्याला परतावयाचे आहे ते आपल्या घरच्या चित्रकथ्याकडे.

घाटावरचा चित्रकथी हा फिरता माणूस होता. एन्थोव्हेन या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील जातिजमातींचे जे मोठे तीन खंड 1920 ते 1922 या काळात प्रसिद्ध केले, त्यांत चित्रकथी ही गावोगाव हिंडून चित्रे दाखविणारी जात म्हणून नोंदलेली आहे. या मंडळींना गाव नव्हते. सगळीच गावे त्यांची, म्हणजे एकही त्यांचे नाही. पीक निघाले की खळ्यावर यावे, पोथी दाखवावी, पसा-दोन पसे धान्य घ्यावे, पुढे जावे. आपल्याकडे मढीला कानिफनाथांच्या यात्रेत होळीपासून पाडव्यापर्यंत भटक्यांचा जो मेळा भरतो, तो पाहिला म्हणजे या जगण्याची काही कल्पना येते. अशा माणसाच्या पाठीशी कोणतेही देऊळ, वतन किंवा घर नसते. त्याची कला एका पिढीच्या दुर्दैवाने संपते.

आणि दुर्दैव फार लांब नव्हते. 1894 साली राजा रविवर्म्याने मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. लक्ष्मी, सरस्वती, विश्वामित्र-मेनका चार-दोन आण्यांत घराच्या भिंतीवर येऊन बसल्या, गोऱ्या, भरदार, साडी नेसलेल्या. त्यांच्यापुढे चित्रकथ्याची वटारलेल्या डोळ्यांची सीता गावंढळ दिसू लागली. त्याच कारखान्यात काही काळ काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ आणि 1917 साली ‘लंकादहन’ काढले. आता मारुती नुसता कागदावर उभा राहिना, तो पडद्यावर उडू लागला. लोकांचे तरी काय चुकले? ज्याला मारुती उडताना पाहावयास मिळतो, त्याने कागदावरचा मारुती का पाहावा? फाळके हे एका अर्थी चित्रकथ्यांचेच वारस. मात्र वारस घरात आला आणि बाप बाहेर पडला, असे झाले.

आज ‘चित्रकथी’ हा शब्द महाराष्ट्र सरकारच्या भटक्या जमातींच्या यादीत सापडतो, गोंधळी, गोपाळ, जोशी, कोल्हाटी यांच्या रांगेत. ज्यांच्या दाखल्यावर तो शब्द लिहिलेला आहे, त्यांच्या घरांतून पोथी मात्र नाहीशी झाली. घाटावर चित्रकथी या नावाचा जिता अर्थ गेला आणि जातीची खूण तेवढी उरली.

आता सह्याद्री उतरू या.

पिंगुळी हे कुडाळपासून अगदी जवळ, मुंबई-गोवे रस्त्यालगतचे गाव. राऊळ महाराजांच्या मठामुळे भाविकांना ते ठाऊक आहे. त्या गावच्या गुढीपूर नावाच्या वाडीत ठाकर समाजाची वस्ती आहे. या ठाकरांकडे चित्रकथी होती, तशी कळसूत्री बाहुल्यांची कलाही होती आणि चामड्याच्या बाहुल्यांचीही. कळसूत्री म्हणजे हलक्या लाकडाची बाहुली, दोऱ्यांनी वरून हालविलेली. चामड्याची बाहुली पातळ केलेल्या कातड्याची, रंगविलेली. पांढऱ्या पडद्यामागे दिवा ठेवून तिची छाया नाचवावयाची. आंध्राकडच्या चामड्याच्या बाहुल्या माणसाएवढ्या मोठ्या असतात, पिंगुळीच्या लहान. याशिवाय पांगुळ बैल, राधानृत्य, गोंधळ, पोवाडा, फुगड्या. आमच्या अकरा कला, असे तेथील मंडळी अभिमानाने सांगतात.

पण माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. या लोकांना घर होते. पावसाळ्यात शेतीभाती, मोलमजुरी करावयाची, आणि पीक हाती आले, देवळांतून उत्सव सुरू झाले, की पोथी घेऊन बाहेर पडावयाचे. बाहेर पडावयाचे तेही वाट फुटेल तिकडे नव्हे. सावंतवाडी संस्थानात खेम सावंत भोसल्यांच्या घराण्याने या कलावंतांना आश्रय दिला, आणि कोणत्या देवळात कोणी कथा लावावयाची याचे मान ठरून गेले. नवरात्र आले की ज्या देवळात ज्या घराण्याचा मान, तेथे त्या घराण्याने जावयाचे. येथे कलावंत येतो तो भिक्षेकरी म्हणून नव्हे, मानकरी म्हणून. तो न आला तर देवाच्या कार्यात उणे पडते. दशावतारी नाटकमंडळ्यांचेही कोकणात असेच आहे. जत्रेची रात्र, ठरलेली कंपनी, देवळासमोरचे अंगण. गाव त्यांना बोलावतो असे म्हणणे तितकेसे बरोबर नाही. त्या रात्री त्यांनी तेथे असणे हे गावाच्या पंचांगातच असते.

सावंतवाडीकर या ठाकरांकडून हेरगिरीही करून घेत, अशी आठवण त्या समाजात सांगतात. तिला कागदाचा आधार किती, हा वाद इतिहाससंशोधकांनी घालावा. मला मात्र ती ऐकली की निपुणकाच्या पायाशी गडगडत आलेली अंगठी आठवते. ज्याच्यासाठी माजघराचे दार उघडते, ज्याच्याभोवती पोरे जमतात, ज्याच्या गाण्यात बायका क्षणभर काम विसरतात, त्याच्या कानावर गावचे सगळे येते. राज्य छोटे, एका अंगाला गोव्याचा पोर्तुगीज, दुसऱ्या अंगाला कोल्हापूर. अशा राजाला फिरता कान लागणारच.

1948 साल उजाडले. त्या एका सालात आपल्याकडे निजामाची राजवट गेली आणि तिकडे सावंतवाडी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. आपण स्वतंत्र झालो याचा आनंद कोणाला नव्हता? त्या आनंदात एक गोष्ट मात्र नकळत घडली. संस्थानिकाबरोबर त्याने सांभाळलेले लहानमोठे आश्रयही गेले. लोकशाहीच्या पहिल्या उमेदीत कालवे, शाळा, रस्ते यांची निकड होती. पोथी घेऊन बसलेल्या ठाकराकडे पाहावयास कोणाला सवड असणार? देवळातला मान राहिला, पण मानाने पोट भरत नाही. सिनेमा कुडाळपर्यंत येऊन पोचला. मुलगे मुंबईच्या वाटेला लागले. जुन्या वस्तूंचे व्यापारी पोथ्यांच्या शोधात आले. रोख पैसे पाहून पोथी दिली म्हणून त्या घरांना दोष देण्यास माझी जीभ धजत नाही. ज्या घरात संध्याकाळच्या भाताची विवंचना आहे, त्या घराने संस्कृतीचा भार वाहावा, असे म्हणणे सोपे आहे.

आणखी एक काटा होता. नव्या काळाने ‘भीक’ या शब्दाची व्याख्या बदलली. जे पूर्वी मान होते, ते शिकल्यासवरल्या माणसाच्या नजरेला मागणे दिसू लागले. वीणा खांद्यावर टाकून दारी आलेल्या बापाची मुलाला शाळेत लाज वाटू लागली. एखादी कला कशी मरते, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, दारिद्र्याने ती अर्धमेली होते आणि लाजेने मरते. आपल्या भागातल्या वासुदेवाचे, पोतराजाचे, गोंधळ्याचे याहून निराळे काय झाले?

ठाकरांच्या बाबतीत कायद्यानेही एक विचित्र गाठ बसविली. अनुसूचित जमातींच्या यादीत ठाकूर-ठाकर हे नाव होते, पण ते ठाणे, कुलाबा, नाशिक, पुणे, नगर अशा ठराविक जिल्ह्यांतल्या ठराविक तालुक्यांपुरते. रत्नागिरी जिल्ह्यातले ठाकर त्या रेघेच्या बाहेर पडले, आणि सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीतच होता; तो निराळा झाला 1981 साली. हे प्रदेशाचे बंधन संसदेने 1976 च्या कायद्याने काढले. पण बंधन निघाले तरी दाखल्यांचे वाद संपले नाहीत. जमातीचा दाखला पडताळताना चालीरीती, दैवते, गाणी, विधी यांची विचारपूस होत असे, आणि त्यावरून माणूस जमातीचा की नव्हे हे ठरविले जाई. या कसोटीवरच सर्वस्वी विसंबता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर समाजाच्याच एका संघटनेच्या प्रकरणात 2023 साली दिला. निकालाचा कायदेशीर भाग वकिलांनी सांगावा. पण विरोधाभास पाहा. एकीकडे शिकून पुढे जा, जुने सोडा, असे आपणच या लोकांना सांगितले, आणि दुसरीकडे दारात आलेल्या शिकल्या मुलाला विचारले, तुझी गाणी कोणती?

असो. पिंगुळीत धागा तुटता तुटता राहिला, तो काही माणसांच्या हट्टामुळे. त्यांतले परशुराम विश्राम गंगावणे हे नाव आता सर्वांना ठाऊक आहे. 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण पद्मश्रीपेक्षा मला त्यांचा गोठा मोठा वाटतो. त्यांनी घराशेजारच्या गुरांच्या गोठ्यात वडिलोपार्जित पोथ्या, बाहुल्या, वाद्ये मांडली आणि 2006 साली तेथे ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभे केले. वस्तू मुंबईला वा पुण्याला पाठविणे सोपे होते, तेथे काच होती, दिवे होते, पहारेकरी होता. त्यांनी त्या वाडीतच ठेवल्या. पाहुणा आला की घरचाच माणूस पोथी उघडतो, चित्र धरतो आणि गातो. येथे चित्राशेजारी कंठ बसलेला आहे. पैठणच्या कागदाला जे मिळाले नाही, ते येथल्या कागदाला मिळाले, आणि तेही सरकारी इमारतीत नव्हे, शेणाने सारवलेल्या जागेत. मुलांनी बापाचे पाहून हात धरला, शेजारच्या घरांतल्या पोरांच्या हातांत बाहुलीच्या दोऱ्या आल्या.

याच्या शेजारी सावंतवाडीच्या गंजिफांचे उदाहरण ठेवून पाहावे. गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेले गोल पत्ते, त्यांत दशावताराचा डाव प्रसिद्ध. ही कलाही मरणपंथाला लागली होती. 1970 नंतरच्या काळात शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती उभी केली. काम फार मोठे, त्याचे ऋण महाराष्ट्राने मानलेच पाहिजे. पण तेथे राजवाड्याने कलेला हात दिला. पिंगुळीत राजवाडा नव्हता. जे काही होते ते घर, भावकी आणि देवळातला मान. दोन्ही मार्ग खरे आहेत. मात्र राजवाड्यात गंजिफा काढणारा कारागीर संध्याकाळी काम संपवून घरी जातो. गुढीपुरात काम आणि घर यांच्यामध्ये उंबरासुद्धा नाही.

याचा तोटाही आहे, तो झाकून ठेवू नये. कला घरात राहते तेव्हा घराची मर्यादाही तिला पडते. शिकावयास मिळते ते बहुधा आपल्याच मुलापुतण्यांना. पाहुण्यांसमोर रात्रभराची कथा वीस मिनिटांत आटोपावी लागते. चित्राला गिऱ्हाईक आहे, कथेला नाही. कोणी बाई मुंबईहून येते, चित्र आवडीने घेते, दिवाणखान्यात लावते. त्या चित्राच्या आधी कोणते चित्र होते आणि नंतर कोणते, हे तिला माहीत नसते. पन्नास कागदांतला एक कागद म्हणजे कीर्तनातले एक वाक्य. पैठणच्या कागदांची गत आपण पाहिली. तीच गत पिंगुळीच्या कागदांची, फक्त अधिक चांगल्या किमतीला, होण्याचा धोका आहे. कलावंताला पैसा मिळावा की नाही, असा प्रश्न मी करीत नाही. मिळालाच पाहिजे. पण पैसा चित्राला मिळाला आणि कथेला मिळाला नाही, तर पुढच्या पिढीतला शहाणा मुलगा चित्रच काढील आणि गाणे शिकणार नाही. त्यात त्याचा दोष नाही.

या ठिकाणी पुष्कळांच्या मनात येईल की कोकणाचे हे सगळे ठीक, आमच्या दुष्काळी मुलखात हे कुठून आणावयाचे? आपल्या तालुक्यातली हजारो माणसे दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. वर्षातले पाच-सहा महिने वाड्यावस्त्यांवर म्हातारी माणसे आणि कुलपे. अशा मुलखात मुळे धरावयाची कशी?

मला वाटते, ती आपण आपल्या परीने धरलेली आहेत. भगवानगडाचा नारळी सप्ताह आपल्या ओळखीचा आहे. दर वर्षी सप्ताह नव्या गावी होतो. ज्या गावाला नारळ मिळाला, ते गाव वर्षभर त्या सात दिवसांची तयारी करते. मंडप, पंगती, पहारा, वीणा. कीर्तनकार बाहेरचा असो, पखवाज्या शेजारच्या गावचा असो, टाळकरी मात्र आपल्या शेतावरचाच असतो. मराठी लोकांची एक मोठी सामुदायिक कला, भजन, येथे कोणत्याही संस्थेच्या इमारतीवाचून, तिकिटावाचून चाललेली आहे. संत भगवानबाबा 1965 साली गेले, सप्ताह राहिला. ऊसतोडीवरून परतलेला माणूस हातातला कोयता ठेवून टाळ उचलतो. पिंगुळीकर ठाकर पेरणी आटोपून पोथी उचलीत असे. या दोघांची भेट झाली, तर त्यांना एकमेकांना फार काही समजावून सांगावे लागणार नाही.

नाथांनीही हेच केले होते. सोळाव्या शतकात पैठणच्या रस्त्यावरून जे जे फिरते कलावंत जात, वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या, त्या सर्वांना त्यांनी आपल्या भारुडांत घेतले. पंडिताने वरून खाली पाहून केलेला उपकार नव्हता तो. रस्त्यावरचा आवाज त्यांना आवडत होता. त्या गर्दीत चित्रकथी उभा असेल का? असावा, असे मन म्हणते. पुरावा हाती नाही, म्हणून तो विषय येथेच सोडतो. 1599 साली नाथ गेले. त्यांच्या नावाने भरणारी षष्ठीची यात्रा अजून लाखांनी भरते, भारुडे अजून गायिली जातात, कारण ती गाणारा प्रत्येक गावात आहे. चित्रकथ्याला मात्र पैठणात गाव मिळाला नाही.

अलीकडे आपल्याकडील कोणी पिंगुळीला जाणार असेल, तर त्याला माझी एक विनंती आहे. गोवा पाहून परतताना अर्धा तास, असे करू नये. नवरात्रात जावे. ज्या देवळात मानाची कथा लागते तेथे मागे बसावे, तरटावर, गावकऱ्यांत. कागद जुना असेल, कडा झिजलेल्या असतील, बोटे फिरून फिरून राक्षसाचे नाक पुसट झाले असेल. गाणारा मधूनच खोकेल, साथीदार वीणेचा कान पिळील. समोर बसलेल्या म्हाताऱ्यांना पुढचे चित्र कोणते ते ठाऊक असते. ते चित्र येण्याआधीच त्यांच्या तोंडून हुंकार निघतो. पोरे पेंगत असतात, युद्ध आले की जागी होतात. शेवटचे चित्र झाले की कागद हारीने लावून पोथी फडक्यात बांधली जाते, कोणी ताटात तांदूळ आणि नारळ आणून ठेवतो, आणि पोथी ज्या घरची असेल त्या घरी, ज्या वाटेने आली त्याच वाटेने, रातोरात परत जाते.